चुकलेलं आवतण

मित्रांनो, मी एक जू आहे. 'जुनं' असं मुद्दाम सांगायला नको, तो शब्द माझ्याच नावाने सुरू होतो.

तुमच्यापैकी निम्म्यांना जू म्हणजे काय ते ठाऊक नसणार. त्याचा मला राग नाही. मी ज्या घरात राहतो त्या घरची नात मोना एकदा मैत्रिणीला म्हणाली, "ये हमारा जू है." मैत्रिणीने डोळे मोठे केले आणि विचारलं, "जू? मतलब मैत्रीबाग वाला?" आमच्या भिलाईत मैत्रीबाग नावाचं प्राणिसंग्रहालय आहे, तिथे वाघ आहे, माकडं आहेत. मी आपलं साधं चार हात लांबीचं लाकूड. नांगराला किंवा बंडीला, म्हणजे बैलगाडीला, दोन बैल जुंपताना त्यांच्या मानेवर जे आडवं ठेवतात, ते मी. मध्यावर एक लोखंडी कडी आहे, तिच्यात नांगराचा दोर ओवायचा. आता दोर नाही, नांगर नाही आणि बैल तर नाहीतच. कडी मात्र अजून आहे.

माझा जन्म भंडारा जिल्ह्यातला, वैनगंगेच्या काठी. धान पिकवणारा मुलूख. बांधावरच्या शिवणीच्या झाडाचा मी एक भाग. शिवणीचं लाकूड हलकं आणि चिवट असतं. सुताराने मला तीन दिवस तासलं. दर थोड्या वेळाने तो डोळे मिटून माझ्यावर तळहात फिरवायचा. तो म्हणायचा, जू चांगलं झालं की नाही हे माणसाच्या डोळ्यांना कळत नाही, ते बैलाच्या मानेला कळतं. असे सुतार आता कुठे मिळतात ते मला माहीत नाही.

माझे बैल दोन, कोशा आणि चांद्या. कोशा डावीकडे, चांद्या उजवीकडे. चांद्या दिसायला देखणा आणि कामाला चोर. तो नेहमी अर्धं पाऊल मागे राहायचा, म्हणजे ओझं आपोआप कोशाकडे सरकायचं. मालकाला वाटायचं, काय जोडी आहे! पण ओझं कोणाकडे सरकतंय हे जुवापेक्षा जास्त कोणाला कळणार? कोशाच्या मानेवरची कातडी जाड झाली होती आणि पावसाळ्यात ती सोलून निघायची. मला वाईट वाटायचं, पण जुवाच्या वाईट वाटण्याने कोणाची मान हलकी होत नाही.

वर्षातून एकदा मात्र त्या मानेचे दिवस फिरायचे. पोळा श्रावणातल्या अमावस्येला येतो, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी असते खांदमळणी. बैलांना धुऊन आणायचं, घरच्या बाईने तुपात हळद कालवायची, आणि पळसाच्या पानाने ती बैलांच्या खांद्यावर चोळायची. चोळता चोळता म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." आवतण म्हणजे आमंत्रण. वर्षभर ज्याच्या खांद्यावर घर चाललं, त्याला रीतसर जेवायला बोलवायचं. दुसऱ्या दिवशी बैलांना पुरणपोळीचा घास, झूल, बाशिंग, मिरवणूक. त्या दिवशी मला कोणी हात लावत नसे. मी कोपऱ्यात उभा राहून सगळं बघायचो आणि आपणही त्यातले आहोत असं समजायचो.

अकरा वर्षं मी शेतात राबलो. माणसाच्या खांद्याशी माझा त्या काळात काही संबंध आला नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण ते मला पुढे मागे घ्यायचं आहे.

मालकाचा धाकटा मुलगा तेजराम भिलाईच्या कारखान्यात लागला. वडील वारले, वाटण्या झाल्या, बैल विकले गेले. भावांनी विचारलं, "तुले काय पायजे?" तेजराम म्हणाला, "वावर तुमी करा. मले जू द्या." भाऊ हसले. तेजरामला मागाहून बायकोनेही विचारलं की लोखंडाच्या गावात हे लाकूड कशाला. तो म्हणाला, "घरी बैल होते, हे पोरायले कसं सांगू मंग?" गोंदियाहून पॅसेंजर गाडीने आम्ही निघालो. डब्यात मला आडवं ठेवता येईना आणि उभं धरता येईना. दुर्ग येईपर्यंत तीन जणांनी मला शिव्या घातल्या, त्यातली एक तर माझ्याहून जुनी होती.

खुर्सीपारला, कारखान्याच्या भोंग्याच्या आवाजात, तेजरामने दोन खोल्या आणि अंगण उभं केलं. मला ओसरीच्या भिंतीवर दोन खिळ्यांवर टांगलं. तेजरामची बायको सिंधुताई. माझ्या आयुष्यातला सगळा मान मला तिच्यामुळे मिळाला. दर पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ती स्टूलवर चढायची. कोशा आणि चांद्याच्या मानांनी घासून माझ्यावर जे दोन गुळगुळीत खळगे पडले होते, त्यांना हळद-तूप लावायची आणि नसलेल्या बैलांना सांगायची, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." गल्लीतली छत्तीसगढी घरं त्याच वेळी पोरा, म्हणजे त्यांचा पोळा, साजरा करायची, त्यांची मुलं मातीचे बैल दोरीने ओढत आमच्या दारावरून जायची. एकदा त्यातला एक मुलगा तिला म्हणाला, "दाई, तोर बइला कहाँ हे?" सिंधुताईने माझ्याकडे बोट दाखवलं. मुलगा घाबरून पळाला.

आमच्या अंगणाला लागून कमरेएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे रुक्माचं घर. तिचा नवरा रेल्वेत होता, तो लवकर गेला. मुलगा नागसेन, कारखान्यात ठेक्यावर कामाला. ही माणसंही आमच्याच भागातली, बौद्ध. दारात पाऊल टाकलं की समोर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. त्या गल्लीत उडिया होते, तेलुगू होते, बिहारी होते, पण मराठी घरं ही दोनच. त्यामुळे दोघी बायकांचं सगळं बोलणं त्या भिंतीवरून चालायचं. पोळ्याला, दिवाळीला सिंधुताईच्या हातचे वडे, भजी, पुरणाच्या पोळ्या भिंतीवरून पलीकडे जायच्या. मला वाटायचं, किती मायेची बाई. ती होतीच मायेची.

तेजराम नऊ वर्षांपूर्वी वारला. त्यानंतर माझे दिवस उतरले. सिंधुताईचे गुडघे गेले, एकाचं ऑपरेशन झालं, तेही नीट जमलं नाही. तिला स्टूलवर चढता येईना. घराला रंग देताना तिच्या मुलाने, कमलेशने, मला खाली काढलं आणि परत टांगलं नाही. मी मागच्या अंगणात नळाजवळ पडलो. सुरुवातीला माझ्यावर दोडक्याचा वेल चढवला, मग फरशी पुसायची फडकी वाळत घातली. उजव्या टोकाला वाळवी लागली. चांद्याच्या बाजूलाच लागली, हे मला जरा बरं वाटलं. कमलेश एकदा आईला म्हणाला, "आई, हे भंगारवाल्याले देऊन टाकू काय?" ती म्हणाली, "माह्या आधी नाई." मग तो विषय तिथेच थांबला.

आणि मग गेल्या वर्षीचा श्रावण आला.

तीन दिवस पाऊस थांबला नाही. शिवनाथ नदी दुथडी भरून वाहू लागली, आणि आमच्या गल्लीमागच्या नाल्याला पाणी पुढे ढकलायला जागाच उरली नाही. ते मागे फिरलं. सकाळचे आठ वाजले होते. पहिल्या पाळीचे लोक कामावर गेले होते, नागसेनची त्या दिवशी दुसरी पाळी होती आणि कमलेशची साप्ताहिक सुट्टी. पाणी आधी अंगणात आलं, मग ओसरीवर, मग एकदम घरात. कमलेशने बायको शालू आणि मोना यांना लगेच पुढे काढून दिलं. तीनेकशे पावलांवर शाळेची दुमजली इमारत होती, तिथे सगळी गल्ली चालली होती. राहिली सिंधुताई.

कमलेशने आईला पाठीवर घेतलं. पण तिचे पाय वाकत नव्हते, त्यामुळे ती त्याच्या पाठीवर ठरेना. अंगाने ती भारी. दारातच त्याचा पाय घसरला आणि दोघं पाण्यात गेले. तिच्या नाकातोंडात पाणी शिरलं. त्याने तिला उचलून खाटेवर बसवलं, तर खाटही हलायला लागली होती. सिंधुताई खोकत म्हणाली, "बाबू, तू जाय. पोट्टीकडं जाय. मले राहू दे."

कमलेश रडायला लागला. पन्नाशीचा माणूस, मोठ्याने रडत होता. मी अंगणात तरंगत होतो. शिवणीचं लाकूड बुडत नाही, पण त्या वेळी न बुडण्याचा काही उपयोग वाटत नव्हता.

तेवढ्यात भिंतीवरून नागसेन आला. आपल्या आईला त्याने आधीच शाळेत पोचवलं होतं आणि घरातलं सामान काढायला तो परत आला होता. त्याने एकदा खाटेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"कमलेशभाऊ, प्लास्टिकची खुर्ची कोठी हाय?"

खुर्ची आली. कपडे वाळवायची नायलॉनची दोरी आली. नागसेनने खुर्ची माझ्या मध्यावर, त्या कडीखाली, चारही बाजूंनी आवळून बांधली. सिंधुताईला तिच्यात बसवलं, ओढणीने बांधलं. पुढचं टोक कमलेशने खांद्यावर घेतलं, मागचं नागसेनने. "उचल!" नागसेन म्हणाला, आणि मी वर आलो. एवढ्या वर्षांनी माझ्या दोन्ही टोकांखाली कोणीतरी जिवंत होतं.

छातीइतकं पाणी होतं. त्यात कोणाच्या घरचं सिलिंडर, कोणाचं दप्तर वाहत होतं. कमलेश पाय चाचपत चालला होता. मागून नागसेन सांगत होता, "डावीकडं. आता सरळ. घाई नोको." सिंधुताई डोळे मिटून माझी कडी घट्ट धरून बसली होती. वळणावर नाली होती. वरची फरशी वाहून गेलेली, पण पाण्याखाली ते दिसणार कसं? कमलेशचा पाय तिच्यात गेला आणि तो हनुवटीपर्यंत खाली गेला. त्याच्याकडचं टोक सुटलं. खुर्ची कलली, सिंधुताई किंचाळली.

नागसेनने एक झेप घेतली आणि मला मधोमध आपल्या उजव्या खांद्यावर पेललं. एका हाताने खुर्चीची पाठ धरली. सगळं ओझं त्या एका खांद्यावर आलं, आणि माझी कडी, ती लोखंडी कडी, त्याच्या शर्टातून त्याच्या खांद्यात रुतली. मला ते कळत होतं. मी काही करू शकत नव्हतो. कमलेशला पाय ठेवायला जागा सापडेपर्यंत तो तसाच उभा राहिला, आणि माझ्या अंगावरून त्याचं रक्त पाण्यात उतरत राहिलं.

आम्ही शाळेत पोचलो. पायरीवरच्या लोकांनी सिंधुताईला हातोहात वर घेतलं. सगळ्यांनी नागसेनची वाहवा केली. कोणी म्हणालं, पहाडासारखा गडी आहे. कोणी त्याचा फोटो काढला. शालूने खांद्यावरचं रक्त बघून विचारलं, तर तो म्हणाला, "काई नाई, वहिनी." तो परत घराकडे गेला तेव्हा त्याच्या घराची मागची भिंत बसलेली होती. आतलं सामान गेलं होतं. तो आधी आमच्याकडे आला होता म्हणून ते गेलं होतं, पण हे तो कोणाला बोलला नाही.

दोन दिवसांनी पाणी उतरलं. मग चिखल. आठवडाभर दोन्ही घरांनी चिखल उपसला. कमलेशने नागसेनच्या भिंतीच्या जागी पत्रे ठोकून दिले. मला धुऊन, मधल्या भिंतीवर आडवं घालून वाळत ठेवलं, तिथून मला दोन्ही अंगणं दिसायची. आणि बघता बघता पोळा आला.

सिंधुताई म्हणाली, "औंदा पोळा करू. पोळा म्हणजे काय? ज्याच्या खांद्यावर आपून जगलो, त्याचे उपकार मानाचा दिवस. औंदा नाई मानाचे त कदी मानाचे?" कमलेशला ते पटलं. शालूने शेजारून पातेली मागून आणली. मोनाने समोरच्या घरातल्या बाईकडे जाऊन ठेठरी आणि खुरमी तळून आणली, ते छत्तीसगढी घरांचं पोरा सणाचं खाणं. तिला पळसाचं पानही आणायला लावलं. ती भिजत गेली आणि तीन पानं घेऊन आली.

संध्याकाळी सिंधुताईने अंगणात पाट मांडला आणि वाटीत हळद-तूप कालवलं. आधी कमलेश बसला. तिने त्याच्या खांद्यावर पळसाचं पान फिरवलं आणि म्हणाली, "आज आवतण घे, उद्या जेवाले ये." कमलेश हसला, "मी त तुहा बैलच हाय, आई." सगळे हसले. मीही हसलो असतो, मला तोंड असतं तर.

मग तिने नागसेनला भिंतीवरून हाक मारली. तो आला, पाटावर बसला. शर्टाची बटणं सोडून त्याने खांदा मोकळा केला. जखमेवर काळी खपली धरली होती आणि भोवतालची जागा सुजून लाल होती. सिंधुताईचे डोळे भरले. तिने जखम सोडून आजूबाजूला हळूच हळद लावली आणि तिच्या तोंडून, पन्नास वर्षांच्या सवयीने, तेच शब्द निघाले.

"आज आवतण घे, बाबू. उद्या जेवाले ये."

नागसेनने तिच्या हातातल्या पानाकडे पाहिलं. मग त्याने शर्ट वर ओढला.

"काकू, हे बैलाले म्हणतेत," तो म्हणाला.

"हो रे, म्हणून त..."

"माह्या आज्याचं नाव धोंडबा. एकोणीस साल त्यानं पाटलाकडं सालदारकी केली." सालदार म्हणजे वर्षभराच्या बोलीवर ठेवलेला गडी. नागसेनचा आवाज चढला नव्हता. "पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलायचे खांदे त्याच्याच हातानं मळून घेत. आवतण बी त्यालेच द्याले लावत. दुसऱ्या दिवशी बैल अंगणात पुरणाची पोळी खाये, अन् माहा आजा गोठ्याच्या मांगं बसून जेवे. थो रोज जू खांद्यावर घेऊन वावरात जाये, काकू. त्याचा खांदा कोणी नाई मळला." तो उठला. "मी त्या दिवशी बैल म्हणून नोतो आलो."

आणि तो भिंत ओलांडून गेला. नेहमी तो एक हात टेकवून उडी मारायचा. त्या दिवशी त्याने दोन वेळा प्रयत्न केला.

सिंधुताई हातातलं पान बघत म्हणाली, "म्या काय वंगाळ बोलली? म्या त मान देला."

कमलेश म्हणाला, "मले बी तेच बोलली ना तू. मले त नाई लागलं."

मोना नववीत आहे. घरात ती मराठी बोलते, चिडली की हिंदीत जाते. "पप्पा, अपने यहाँ सब मालिक थे, म्हणून तुमाले हसू येते," ती म्हणाली. "नागसेन काका के दादाजी मालिक नहीं थे ना."

मित्रांनो, आता ते वाक्य मी मागे घेतो. माणसाच्या खांद्याशी माझा संबंध आला नाही, असं मी म्हणालो होतो. ते खोटं आहे. आमच्या गावीही सालदार होता. त्याचं नाव चंपत. रोज पहाटे घरापासून वावरापर्यंत मला चंपतच खांद्यावर वाहून न्यायचा आणि सांजेला परत आणायचा. बैल पुढे मोकळे चालायचे आणि मी त्याच्या खांद्यावर. अकरा वर्षं. कोशाची मान कुठे सोलली होती ते मला आजही सांगता येईल. चंपतच्या खांद्यावर काय होतं ते मी कधी बघितलंच नाही. इतकी वर्षं मी माझी कहाणी मनातल्या मनात सांगत आलो आणि त्याचं नावही त्यात घेतलं नाही. मला लाज वाटली. लाकडालाही लाज वाटते.

दुसरा दिवस पोळ्याचा. दुपारी शालूने ताट वाढलं, पुरणपोळी, वडे, कढी, भजी. "हे नागसेनभाऊच्या घरी घेऊन जा, आई. माफी मागून टाका," ती म्हणाली. सिंधुताईने ताटाकडे पाहिलं. आदल्या संध्याकाळपासून तिने पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं.

"ताट नोको," ती म्हणाली. "ताट नेलं त मी पुन्हा देणारीच होईन. मोना, मले घेऊन चाल."

वॉकर टेकत, मोनाच्या आधाराने, ती फाटकाने बाहेर पडली आणि दोन घरांमधलं वीस पावलांचं अंतर चालून रुक्माच्या अंगणात गेली. मी भिंतीवर होतो, मला सगळं दिसत होतं. रुक्मा पत्र्याच्या भिंतीपुढे बाजेवर बसून तांदूळ निवडत होती.

"या, सिंधुबाई," ती म्हणाली, पण उठली नाही.

सिंधुताई समोरच्या खुर्चीवर बसली. "रुक्मा, काय रांधलं आज?"

"आमच्याकडं पोळा नसते. रोजचंच हाय. वरण-भात, अंबाडीची भाजी."

"मंग वाढ मले. भूक लागली."

रुक्माचे हात तांदळात थांबले. "सदतीस साल झाले शेजाराले," ती म्हणाली. "इतक्या सालात तुमाले माह्या घरी कदी भूक नाई लागली. मी नवी नवरी म्हणून आली त्या दिवशी उपास, नागसेनच्या बारशाले उपास, त्याच्या पयल्या वाढदिवसाले उपास. कदी सोमवार, कदी गुरुवार, कदी चतुर्थी. मी नोती मोजत. पोरगं मोजे लहानपणी. म्हणे, आई, काकू किती देवाच्या हायेत!"

मोनाने आजीकडे पाहिलं. सिंधुताईची मान खाली गेली होती.

"त्यातला एक बी उपास खरा नोता, रुक्मा," ती म्हणाली.

"मले मालूम होतं."

"मंग बोलली कावून नाई?"

"काय बोलू? तुमी भिंतीवरून देत, मी ठेवून घे. वापस पाठवाची माही बी हिंमत नोती झाली." रुक्माने पदराने डोळे पुसले, तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि आत गेली. आतून भांड्यांचे आवाज आले. मग तिने ताट आणलं. भात, वरण, अंबाडीची आंबट भाजी, एका बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा.

सिंधुताई जेवली. मन लावून जेवली. ठेच्याने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ठेच्यानेच आलं असं तिने सांगितलं. आणखी भात मागून घेतला. रुक्माने मोनालाही वाढलं, "खाय पोट्टे, कशी सुकली." मोना खाली मांडी घालून बसली.

पहिली पाळी संपवून नागसेन तेवढ्यात घरी आला. डब्याची पिशवी डाव्या हातात, हेल्मेटही त्याच हातात, उजवा हात अंगाशी धरलेला. अंगणात सिंधुताई त्याच्या आईच्या हातचं जेवताना बघून तो फाटकातच थांबला.

सिंधुताईचा हात भातात होता, तो तिने तसाच ठेवला. "नागसेन, काल मी चुकली," ती म्हणाली. "आवतण देते थो मालक असते. मी कोणाची मालक? तू नसता त मी त्या दिवशीच गेली असती. मले उपकार मानाचे होते, बाबू, पण मले एकच रीत येत होती, बैलाची. माणसाची येतच नोती. रातभर इचार केला. बैलाले इचारत नाई आपून, नुसतं चोळतो. माणसाले पयले इचाराले पायजे होतं." तिने त्याच्या खांद्याकडे पाहिलं. "लय दुखते काय रे?"

"काई ना..." नागसेनच्या तोंडून सवयीने निघालं.

मोनाने खाणं थांबवलं होतं. रुक्मा ताटापाशी उभी होती, हातात वरणाची वाटी. सगळ्या त्याच्याकडे बघत होत्या आणि कोणी घाई करत नव्हतं.

त्याने हेल्मेट खाली ठेवलं, पिशवी खाली ठेवली.

"दुखते, काकू," तो म्हणाला. "हात वर नाई होत. बारा दिवसांपासून डाव्या हातानं काम करून राहिलो."

"अन् मले म्हणे काई नाई!" रुक्मा ओरडली. "खांदा बी पाहू देत नोता मले!"

नागसेन ओट्यावर बसला आणि रडला. मोठा, धिप्पाड माणूस, लहान मुलासारखा खांदे हलवत रडला, आणि उजवा खांदा हलला की कळवळत होता. सिंधुताईने त्याच्या खांद्याला हात लावला नाही. तिने त्याचा डावा हात आपल्या उष्ट्या हातात धरला आणि बसून राहिली. रडं ओसरल्यावर रुक्माने आणखी एक ताट वाढून आणलं. भिंतीवरून कमलेश सगळं ऐकत उभा होता. तो आत गेला, मोटारसायकलची किल्ली घेऊन आला आणि म्हणाला, "जेवून घे, भाऊ. मंग दवाखान्यात जाऊ."

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपलं गाऱ्हाणं सांगून झालं की तुमच्याकडे काहीतरी मागतात. मला वाळवीपासून वाचवा, मला तेल लावा, मला पुन्हा ओसरीवर टांगा, असं मलाही मागता आलं असतं. ते राहू द्या. मी एक दिवस सरपणात गेलो तरी चालेल. पण तुमच्या घरात, गल्लीत, शाळेत कोणीतरी असेल, जो सगळ्यांचं जड सामान न सांगता उचलतो. त्याला शाबास म्हणण्याआधी विचारा, दुखतं का. तो पहिल्यांदा 'काही नाही' म्हणेल. तिथून लगेच उठू नका. खरं उत्तर यायला वेळ लागतो, तेवढा वेळ त्याच्याजवळ बसा.